डॉ. प्रभा अत्रे : गायिका, रचनाकार आणि गुरू (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

प्रभाताईंविषयी संगीताचे विद्यार्थी, स्पर्धेच्या तयारीला लागलेली मुले, त्यांचे पालक आणि नव्याने ऐकू लागलेले रसिक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न त्यांच्या गायनाविषयी असतात, त्यांच्या रचनांविषयी फार थोडे. म्हणून उत्तरे देताना रचनाकार आणि शिक्षिका या बाजूंना मुद्दाम अधिक जागा दिली आहे. एका प्रश्नाचे उत्तर दुसरीकडे आले असल्यास तो क्रमांक कंसात दिला आहे.

१. प्रभा अत्रे कोण होत्या, हे थोडक्यात सांगाल का?

किराणा घराण्याच्या ख्यालगायिका, ठुमरी-दादऱ्याच्या तितक्याच समर्थ कलावंत, शेकडो बंदिशींच्या रचनाकार, लेखिका आणि विद्यापीठात संगीत विभाग चालवलेल्या प्राध्यापिका. त्यांचा जन्म १३ सप्टेंबर १९३२ रोजी पुण्यात झाला आणि १३ जानेवारी २०२४ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. ‘स्वरयोगिनी’ हे बिरुद त्यांच्या नावापुढे कायमचे जोडले गेले असले, तरी संगीताच्या वर्तुळात आणि श्रोत्यांत त्या ‘प्रभाताई’च होत्या.

२. त्यांच्या घरात गाण्याची परंपरा होती का?

नव्हती. वडील आबासाहेब आणि आई इंदिराबाई हे दोघेही शिक्षणक्षेत्रातले होते. आईची प्रकृती बरी नसे, तेव्हा जरा मन रमावे म्हणून कोणीतरी गाणे शिकण्याचे सुचवले आणि घरी शिकवणी सुरू झाली. आईचे शिकणे थोड्याच दिवसांत थांबले. आठ वर्षांच्या प्रभाचे मात्र थांबले नाही. गाणे शिकण्याचा निर्णय कोणी ठरवून घेतलेला नव्हता, हे त्या स्वतःच अनेकदा सांगत.

३. त्यांचे गुरू कोण? आणि किराणा घराण्याच्या संस्थापकांची मुले ‘माने’ आणि ‘बडोदेकर’ कशी?

आरंभीचे शिक्षण विजय करंदीकर यांच्याकडे झाले आणि त्यानंतर पंडित सुरेशबाबू माने व हिराबाई बडोदेकर या भावंडांची तालीम मिळाली. हे दोघे उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची मुले. ताराबाई खाँसाहेबांपासून विभक्त झाल्यानंतर मुलांनी आईचे आडनाव लावले आणि हिराबाईंचे ‘बडोदेकर’ हे आडनाव पुढे रूढ झाले. सरस्वतीबाई राणे याही त्याच भावंडांपैकी. त्यामुळे एकाच रक्तातली आणि एकाच गळ्याच्या वळणाची माणसे तीन आडनावांनी ओळखली जातात आणि नव्या श्रोत्याचा गोंधळ उडतो.

सुरेशबाबू १९५३ मध्ये गेले. प्रभाताई तेव्हा कोठे विशीत पोहोचल्या होत्या. पुढची वाट हिराबाईंच्या सोबतीने झाली, म्हणजे त्यांच्यामागे तंबोरा घेऊन बसणे, प्रवास करणे, आणि मैफल कशी मांडायची व कोठे थांबायचे हे पाहून शिकणे. ज्या काळात बाईने तिकीट लावून जाहीर मैफल करणे ही कल्पनाच लोकांना पचत नव्हती, त्या काळात हिराबाईंनी ते करून दाखवले होते. हातवारे नाहीत, अंगविक्षेप नाहीत, बैठक स्थिर आणि सूर सरळ हा त्यांचा रिवाज. प्रभाताईंच्या मंचावरच्या वावरात तो शेवटपर्यंत दिसत असे. सुरेशबाबूंकडे वसंतराव देशपांडे आणि माणिक वर्माही शिकले होते, हे लक्षात घेतले की एकाच गुरूच्या हाताखालून किती वेगळी गाणी निघू शकतात याची कल्पना येते.

४. त्यांच्या नावापुढचे ‘डॉ.’ वैद्यकीय आहे का? त्या वकील होत्या असेही वाचले, ते खरे का?

‘डॉ.’ संगीतातले आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘संगीत प्रवीण’ ही पदवी त्यांनी सरगम (स्वरांची नावे घेऊन गाणे) या विषयावर प्रबंध लिहून मिळवली (त्या विषयासाठी प्रश्न १० पाहा). त्याआधी पुण्यात विज्ञानाची आणि पाठोपाठ कायद्याची पदवी घेतली होती, पण वकिली हा त्यांचा व्यवसाय झाला नाही. कथ्थकचे रीतसर शिक्षणही त्यांनी घेतले होते आणि लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची पाश्चात्त्य संगीताची परीक्षाही दिली होती. विज्ञान आणि कायदा या दोन विद्याशाखा त्यांच्या गाण्यात कोठे दिसतात असे विचारले, तर गाण्यापेक्षा त्यांच्या लेखनात त्या अधिक दिसतात. विधान करायचे, मग ते का केले हे सांगायचे आणि मग त्यावरचा आक्षेप स्वतःच मांडून त्याचे उत्तर द्यायचे, ही त्यांची लिहिण्याची रीत होती.

५. त्या नाटकात काम करत होत्या का?

होय, तरुणपणी. ‘संशयकल्लोळ’, ‘मानापमान’, ‘सौभद्र’ आणि ‘विद्याहरण’ या संगीत नाटकांत त्यांनी भूमिका केल्या. नंतर त्या आकाशवाणीत साहाय्यक निर्मात्या झाल्या. मराठी आणि हिंदी नभोनाट्यांसाठीही त्यांना ‘ए’ श्रेणी होती. रेडिओवर माणूस दिसत नसतो, सगळे आवाजानेच उभे करावे लागते. ठुमरीत एकच शब्द चार वेगळ्या अर्थांनी टाकण्याची त्यांची हातोटी पाहता ही शिदोरी वाया गेली नाही, असे आमचे मत आहे.

६. हिंदुस्थानी संगीतात गायक जागच्या जागी गाणे रचत असतो. मग ‘रचनाकार’ वेगळा कसा?

हा प्रश्न पाश्चात्त्य संगीत ऐकणारे अधिक विचारतात आणि तो रास्त आहे. तिकडे रचनाकार कागदावर सगळे लिहून ठेवतो आणि वादक ते वाजवतो. आपल्याकडे बंदिश म्हणजे स्थायी आणि अंतरा मिळून चार-सहा ओळींचा मजकूर. तो कोणत्या रागात, कोणत्या तालात, कोणत्या लयीत बांधला आहे आणि सम (तालाची पहिली मात्रा) कोणत्या अक्षरावर पडते, एवढेच रचनाकार ठरवतो. पुढचे अर्धा-पाऊण तासाचे गाणे गायकाचे. असे असूनही ते ‘एवढेच’ फार मोठे असते, कारण रागाची ओळख पटवणाऱ्या जागा त्या चार ओळींत दडवलेल्या असतात आणि गायक तालाचे प्रत्येक आवर्तन संपवून त्याच मुखड्यावर, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या शब्दांवर, परत येतो. मुखडा बेंगरूळ असेल तर तासभर चांगले गाऊनही मैफल पांगळी वाटते.

प्रभाताईंनी ख्याल, तराणा, ठुमरी, दादरा, गझल, भजन अशा नाना प्रकारांत रचना केल्या आणि त्या स्वरलिपीसह ग्रंथरूपाने छापल्या. त्यांची संख्या पाचशेच्या घरात आहे. आधीच्या पिढ्यांत बंदिशी पेटीत कुलूप लावून ठेवण्याची चाल होती. घराण्याबाहेर चीज (बंदिश) देणे म्हणजे घरातले सोने देणे मानले जाई आणि अर्धीच चीज शिकवणारे उस्तादही कमी नव्हते. त्या पार्श्वभूमीवर स्वतःच्या रचना कोणालाही विकत घेता येतील अशा पुस्तकात छापणे हा त्यांच्या शिक्षकी स्वभावाचा भाग होता. रचनाकार आणि शिक्षिका या दोन भूमिका त्यांच्या बाबतीत वेगळ्या काढताच येत नाहीत.

७. ‘जागूं मैं सारी रैना’ आणि ‘तन मन धन तोपे वारूं’ या बंदिशी त्यांच्याच आहेत का? त्या इतक्या का गायल्या जातात?

दोन्ही त्यांच्याच. पहिली मारुबिहागातली, दुसरी कलावतीतली. त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकेतून या बंदिशी घरोघर पोहोचल्या आणि पुढे इतरांनी इतक्या गायल्या की पारंपरिक चीज आहे असे समजून त्या शिकवल्या जातात. रचनाकार जिवंत असतानाच त्याची चीज ‘पारंपरिक’ होणे हा मान आहे की अन्याय, हे ज्याने त्याने ठरवावे.

त्या का गायल्या जातात, याचे उत्तर ओळी मोठ्याने वाचल्या तरी मिळते. ‘जा-गूं-मैं-सा-री-रै-ना’ ही सात अक्षरे आहेत आणि सातही दीर्घ. एकही जोडाक्षर नाही. रात्र सरत नाही, झोप लागत नाही, हे शब्दांचा अर्थ कळण्याआधीच अक्षरांच्या लांबीतून कळते. गायकाला प्रत्येक अक्षरावर रेंगाळायला, त्यावर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) घ्यायला मोकळीक मिळते. आता दुसरी ओळ पाहा. ‘त-न-म-न-ध-न’ ही सहा लघु अक्षरे, दर दुसरे अक्षर ‘न’. जणू कोणी हातातले एकेक काढून भरभर पुढे ठेवत आहे. आणि मग ‘तो-पे-वा-रूं’ ही चार दीर्घ अक्षरे, ओवाळून टाकण्याच्या क्रियेला पुरेसा वेळ देणारी. आधीची गती आणि नंतरचा विसावा एका ओळीतच मिळाल्यामुळे समेवर येताना गायकाला वेगळी कसरत करावी लागत नाही. शाळकरी मुलीलाही ही बंदिश दोन-तीन बैठकांत उचलता येते आणि मैफिलीत चाळीस वर्षे गायलेल्या गायकालाही त्यात रोज नवे सापडते. सोपी आणि खोल या दोन गोष्टी एका ओळीत बसवणारे रचनाकार फार थोडे.

८. कलावती राग त्यांनीच तयार केला, असे आमच्या शिक्षकांनी सांगितले. हे बरोबर का?

बरोबर नाही. त्यांच्या बंदिशीने कलावती घरोघर नेला, म्हणून हा समज पसरला असावा. सा, ग, प, ध आणि कोमल नि अशा पाच स्वरांचा हा राग आधीपासून होता. कर्नाटक संगीतात हेच स्वर ‘वलजी’ या नावाच्या रागात येतात. येथे एक फसगत होते ती अशी की, कर्नाटक संगीतात ‘कलावती’ नावाचाही एक राग आहे, पण तो आपला कलावती नव्हे. दक्षिणेकडच्या मित्राला नुसते नाव सांगून भागणार नाही, स्वर सांगावे लागतात. ज्या किरवाणीतली त्यांची ‘नंद नंदन’ ही रचना आवर्जून ऐकली जाते, तो रागही दक्षिणेतूनच आलेला. तिकडे तो मेळकर्त्यांत, म्हणजे मूळ रागांच्या यादीत, एकविसाव्या क्रमांकावर आहे.

९. मग त्यांनी स्वतः निर्माण केलेले राग कोणते?

अपूर्व कल्याण, मधुरकंस, दरबारी कंस, पटदीप-मल्हार, तिलंग-भैरव, रवि भैरव ही नावे त्यांच्या नावाशी जोडलेली आहेत. यांतली काही नावे वाचताच लक्षात येते की दोन रागांची सांगड घातली आहे. जोडराग करणे कागदावर सोपे असते. एका रागाचे पूर्वांग (सप्तकाचा खालचा अर्धा भाग) घ्यायचे, दुसऱ्याचे उत्तरांग (वरचा अर्धा भाग) घ्यायचे, झाला राग. ऐकताना मात्र मध्ये शिवण दिसते. शिवण दिसू न देणे ही खरी कारागिरी. तिलंगात रिषभ आणि धैवत वर्ज्य, तर भैरवाचा सगळा जीव कोमल रिषभ आणि कोमल धैवताच्या आंदोलनात. ज्या दोन जागा एका रागाने रिकाम्या ठेवल्या आहेत, नेमक्या त्याच दुसऱ्याने भरल्या आहेत. हे दोन राग एकत्र आणावेत असे वाटणे हाच रचनाकाराचा डोळा.

१०. त्या गाताना मध्येच ‘सा रे ग म’ का म्हणत? ते परीक्षेतल्या पाठासारखे नाही का वाटत?

हा आक्षेप जुना आहे. ख्यालात सरगम घेणे म्हणजे कविता म्हणताना मध्येच व्याकरण सांगण्यासारखे आहे, असे कित्येक जाणकार म्हणत. किराणा घराण्यात सरगम उपरी नव्हती, कारण अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकांत ती आहे. खाँसाहेबांचा दक्षिणेकडच्या संगीताशी जवळचा संबंध होता आणि तेथील कल्पनास्वरांची (जागच्या जागी रचून गायलेल्या सरगमीची) छाया त्यांच्या गाण्यावर पडली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रभाताईंनी या वादाला मैफिलीत तर उत्तर दिलेच, पण प्रबंधाचा विषयही तोच घेतला.

त्यांचा मुद्दा समजून घ्यायचा तर एक छोटा प्रयोग करून पाहावा. एकच स्वरावली आधी ‘आ’कारात गा, मग सरगमीत गा. आकारात स्वर एकमेकांत विरघळतात. सरगमीत प्रत्येक स्वराला व्यंजनाचा ठोका मिळतो आणि उच्चारातला स्वरही (आ, ए, इ) बदलतो, म्हणजे ‘सा’ उघडा, ‘नि’ मिटलेला, ‘रे’ मधला. त्यामुळे तालाशी खेळण्यासाठी सात वेगवेगळी अक्षरे हाती येतात आणि लयीचे असे नमुने विणता येतात, जे नुसत्या आकारात ऐकू येणारच नाहीत. सरगमीतही मींड, कण (मुख्य स्वराला हलकेच लागणारा शेजारचा स्वर) आणि भाव आणता येतो, फक्त ते स्वरनामे पाठ म्हटल्यासारखे म्हणायचे नसते. प्रभाताईंची सरगम पाठासारखी वाटत नाही, याचे कारण हे की त्या स्वराचे नाव घेत नसत, त्या स्वराच्या अक्षरावर गात असत. त्यांचे अनुकरण करणाऱ्यांची सरगम मात्र पुष्कळदा पाठासारखी वाटते, हेही येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

११. त्या किराणा घराण्याच्या, मग त्यांच्या गाण्यात अमीर खाँ का ऐकू येतात?

कारण त्यांनी ते लपवले नाही. ख्यालासाठी उस्ताद अमीर खाँ आणि ठुमरीसाठी उस्ताद बडे गुलाम अली खाँ यांचा आपल्यावर परिणाम झाला, हे त्या उघडपणे मान्य करत. अमीर खाँसाहेबांची अतिविलंबित बढत (रागाचा अगदी संथ विस्तार) आणि सरगमीचे गुंतलेले आकृतिबंध त्यांना जवळचे वाटले. पंजाब अंगाच्या ठुमरीतली लवचीक मुरकी (जलद स्वरांचे छोटे वळण) त्यांनी किराण्याच्या ठाय, म्हणजे संथ, सुरावर आणून बसवली. घराणे म्हणजे कुंपण की अंगण, हा वाद चालत राहील. प्रभाताईंनी अंगण मानले.

१२. ‘ख्यालात शब्दांना महत्त्व नाही’ असे त्या म्हणत, मग स्वतः इतकी काव्यरचना का केली?

वरवर विसंगत वाटणारी, पण प्रत्यक्षात सुसंगत भूमिका आहे ही. ख्याल हा मुख्यतः स्वरांचा आविष्कार आहे, तेथे शब्द स्वरांना आधार देतात, कथा सांगत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. ठुमरीत उलट. तेथे शब्दच गाण्याला पुढे नेतो. शब्द आधारापुरता असला तरी तो खुंटी आहे, आणि खुंटी कोठे ठोकायची हे सुताराला नेमके ठाऊक असावे लागते. जुन्या बंदिशींतली सासू-नणंदेची गाऱ्हाणी किंवा अपभ्रष्ट होऊन अर्थ हरवलेले शब्द गाताना त्यांना अडचण वाटे. आपल्याला पटेल आणि गळ्याला रुचेल असा मजकूर हवा, म्हणून तो स्वतः लिहिला. प्रश्न ७ मधली अक्षरांची चर्चा याच भूमिकेचे उदाहरण आहे.

याच चिकित्सक वृत्तीने त्यांनी रागांच्या समयालाही प्रश्न विचारला. विशिष्ट राग विशिष्ट प्रहरीच गायला पाहिजे, हा संकेत आहे, तो स्वरांच्या अंगचा गुण नाही, अशा आशयाची मांडणी त्यांनी केली. परंपरेतल्या अनेकांना ती रुचली नाही. परंपरेत वाढलेल्या बाईने ती केली, म्हणून ती ऐकून तरी घ्यावी लागली.

१३. शिक्षिका म्हणून त्यांनी कोठे काम केले? विद्यापीठात गाणे शिकवता येते, असे त्यांना वाटत होते का?

मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात १९७९ ते १९९२ या काळात त्या संगीताच्या प्राध्यापिका आणि विभागप्रमुख होत्या. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या या विद्यापीठात संगीत शिकायला येणाऱ्या मुलींपैकी प्रत्येक जण मैफलीची गायिका होणार नव्हती. कोणी शाळेत शिकवणार होती, कोणी रेडिओत जाणार होती, कोणी लग्नानंतर केवळ ऐकणार होती. गुरूच्या घरी राहून होणारी तालीम आणि तासाच्या घंटेवर चालणारा वर्ग यांतले अंतर त्यांनी नाकारले नाही. पंचेचाळीस मिनिटांच्या तासात गळा घडत नाही, मात्र कान आणि डोके घडू शकते, आणि तेही कोणीतरी घडवायलाच हवे, असा त्यांच्या कामाचा रोख होता. सप्रयोग व्याख्यान हा प्रकार त्यांनी सातत्याने वापरला, म्हणजे आधी सांगायचे, लगेच गाऊन दाखवायचे आणि श्रोत्यांना विचारू द्यायचे.

विद्यापीठातून बाहेर पडल्यावर पुण्यात ‘स्वरमयी गुरुकुल’ उभे राहिले. तेथे गुरू-शिष्य पद्धती आणि आधुनिक वर्ग यांची सांगड घालण्याचा प्रयत्न होता. पुण्यातल्या ‘गानवर्धन’ या संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. आपल्या दोन्ही गुरूंच्या नावाने मुंबईत १९९२ पासून दरवर्षी संगीत संमेलनही भरवले. आरती ठाकूर-कुंडलकर, अतींद्र सरवडीकर, अश्विनी मोडक हे त्यांच्या शिष्यवर्गातले परिचित गायक.

१४. परदेशात त्यांनी शिकवले का?

होय. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या संगीत महाविद्यालयात त्यांनी अभ्यागत प्राध्यापक म्हणून शिकवले आणि युरोप-अमेरिकेत व्याख्याने व मैफली केल्या. स्वित्झर्लंडच्या जॅझ गायिका सुझान आब्यूल या त्यांच्याकडे शिकल्या आणि तरीही जॅझच गात राहिल्या. शिष्येने आपल्यासारखेच गावे, असा आग्रह नसल्याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

१५. त्यांची पुस्तके कोणत्या क्रमाने वाचावीत?

सर्वसामान्य वाचकाने ‘स्वरमयी’पासून सुरुवात करावी. राज्य शासनाचा पुरस्कार मिळालेले हे मराठी पुस्तक संगीत न शिकलेल्यालाही समजते. त्यानंतर ‘सुस्वराली’. बंदिशी हव्या असतील तर ‘स्वरांगिणी’ आणि इतर रचनासंग्रह, पण ते गळ्यात किमान दोन-तीन वर्षांचे शिक्षण असलेल्यांसाठी आहेत. ‘अंतःस्वर’ हा कवितासंग्रह आहे, स्वरलिपीच्या अपेक्षेने घेऊ नये. २०१६ मध्ये दिल्लीत त्यांची हिंदी व इंग्रजी मिळून अकरा पुस्तके एकाच मंचावरून प्रकाशित झाली, आणि त्या विक्रमाची बातमी पुस्तकांतल्या मजकुरापेक्षा जास्त वाचली गेली.

१६. पद्म पुरस्कारांची वर्षे प्रत्येक ठिकाणी वेगळी दिसतात. खरी कोणती? आणि निधनसमयी वय ९१ की ९२?

पद्मश्री १९९०, पद्मभूषण २००२, पद्मविभूषण २०२२. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९९१ चा. जन्म सप्टेंबरचा आणि निधन जानेवारीचे असल्यामुळे नुसत्या वर्षांची वजाबाकी केली की ९२ येते. प्रत्यक्षात त्यांनी ९१ वर्षे पूर्ण केली होती आणि ब्याण्णवावे चालू होते. ज्या दिवशी त्या गेल्या, त्या दिवशी मुंबईत त्यांचे गाणे ठरलेले होते.

१७. सवाई गंधर्व महोत्सवाचा शेवट त्यांच्याच गाण्याने का होत असे?

महोत्सव १९५३ मध्ये पंडित भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केला आणि सांगतेला स्वतः गाण्याचा त्यांचा प्रघात होता. प्रकृतीमुळे त्यांचे गाणे थांबल्यानंतर ती जागा किराणा घराण्यातल्या ज्येष्ठ म्हणून प्रभाताईंकडे आली. सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य आणि प्रभाताईंचे गुरू हे खाँसाहेबांची मुले (प्रश्न ३), त्यामुळे ही जागा नात्यानेही त्यांचीच होती.

१८. त्यांची बंदिश मी कार्यक्रमात गाऊ शकते का? यूट्यूबवर टाकू शकते का?

राग कोणाच्याच मालकीचा नसतो, अगदी नवा निर्माण केलेला असला तरी. बंदिशीचे तसे नाही. भारतीय कायद्याप्रमाणे रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो आणि ही साठ वर्षे पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात, म्हणजे प्रभाताईंच्या बाबतीत २०८४ अखेरपर्यंत. त्यांच्या बंदिशींत शब्दही त्यांचेच असतील, तर साहित्यकृती म्हणून त्या शब्दांवरचा हक्क वेगळा.

येथे एक चमत्कारिक बारकावा आहे. १९९४ च्या दुरुस्तीपूर्वी कायद्यातली ‘संगीतकृती’ची व्याख्या लिहिलेल्या किंवा छापलेल्या संगीतापुरतीच होती, म्हणजे गळ्यातून गळ्यात जाणारी चीज त्या व्याख्येत बसतच नव्हती. आता स्वरलिपी असो वा नसो, संरक्षण आहे. वर्गात शिकण्या-शिकवण्याला आणि ज्यांत पैसे घेतले जात नाहीत अशा काही हौशी कार्यक्रमांना कायद्याने सूट दिली आहे. व्यावसायिक ध्वनिमुद्रण करायचे असेल, तर हक्क सांभाळणाऱ्यांची परवानगी घ्यावी आणि शंका असल्यास वकिलाला विचारावे. गाण्याआधी ‘ही रचना डॉ. प्रभा अत्रे यांची’ एवढे सांगायला मात्र कोणाचीच परवानगी लागत नाही, आणि तेच सर्वाधिक वेळा विसरले जाते.

१९. पुस्तकातली स्वरलिपी आणि ध्वनिमुद्रण जुळत नाही. कोणते बरोबर मानावे?

दोन्ही. स्वरलिपी म्हणजे नकाशा. तीनतालाच्या सोळा मात्रांत कोणते अक्षर कोठे पडते, सम कोठे, खाली (टाळी न देण्याची मात्रा) कोठे, कोणता स्वर कोमल आणि कोणता तीव्र, हे ती सांगते. मींड किती लांब खेचायची, कण कोणत्या बाजूने लावायचा, ‘रैना’तल्या ‘ना’वर किती थांबायचे, हे तिच्यात मावत नाही. शिवाय त्या स्वतःच एक बंदिश दोन मैफिलींत दोन तऱ्हांनी गात. मारुबिहागात शुद्ध मध्यमाला किती जागा द्यायची आणि तीव्र मध्यमाला किती, हे प्रमाणही त्या-त्या दिवशी बदलते.

विद्यार्थ्याने आधी स्वरलिपीवरून बंदिश ताल धरून बसवावी, हाताने ठेका देत, ‘आ’कार न घेता. ती डोळे मिटून म्हणता आली की पुस्तक बंद करावे आणि ध्वनिमुद्रण लावावे. पहिल्या ऐकण्यात फक्त मुखडा ऐकावा आणि प्रत्येक वेळी त्या समेवर कशा येतात ते मोजावे. दुसऱ्या ऐकण्यात सरगम. तिसऱ्यांदा ऐकताना तंबोऱ्याकडे लक्ष द्यावे, कारण दोन ओळींच्या मधल्या जागेत त्या गात नसतात तेव्हा तोच ऐकू येतो, आणि अशा जागा त्यांच्या गाण्यात पुष्कळ आहेत.